दौंडीत दिलेलं नाव

तीर्थरूप मामंजी,

तुमचा रायसाहेब सापडला!

आज माझं अक्षर वेडंवाकडं येतंय. भीतीनं नव्हे हो, आनंदानं. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, सूनबाई घाबरली.

आज सकाळी मी परसात वड्या वाळत घालत होते आणि कोतवालीचा शिपाई दाराशी येऊन खाकरला. म्हणाला, "अमीनसाहेबांनी सलाम सांगितलाय. वो दस्तारवाला पकडा गया, सोयगाव में." माझ्या हातातली वडी खाली पडली. सोयगाव! माझं माहेर! साऱ्या मुलखात त्याला फिरायला जागा होती, आणि सापडला तो माझ्या माहेरात. आता मी थोडी मिरवले तर रागावणार नाही ना?

तुम्हाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. तुमच्या बैठकीकडं पाहिलं, रिकामी गादी, तपकिरीची डबी अजून तिथंच, आणि वाटलं, आता ही बातमी सांगू कुणाला? ह्यांना सांगितलीच, नशिबानं आज घरीच आहेत. पण बातमी तुमची आहे. म्हणून दौत-टाक घेऊन बसले. हे विचारतात, "गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का?" मी म्हटलं, "जिवंतपणी बोलता कुठं येत होतं?" त्यावर त्यांनी दौत माझ्याजवळ सरकवली.

खरंच, किती वर्षं आपण एका घरात राहिलो आणि किती कमी बोललो! सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्या आणि घरात उरलो आपण दोघं, कारण तुमचे चिरंजीव जालन्याच्या जिनिंगमध्ये, घरी येणार पंधरवड्यानं. मग मी रांजणाला सांगायचे, "आंघोळीचं पाणी तापलंय." तुम्ही खांबाला सांगायचात, "आलोच म्हणावं." एकदा मी रांजणाजवळ कबूल केलं, की आज भाजीत मीठ जास्त पडलंय. तुम्ही पुढ्यातल्या लोट्याकडं पाहून म्हणालात, "मीठ बरोबर आहे, भाजीच कमी पडलीय." आत मी पदर तोंडात कोंबून हसले. ऐकू आलं होतं ना तुम्हाला?

असे तुम्ही! आणि तुम्ही फसावं?

तुम्ही म्हणजे तहसील कचेरीचे पेशकार. साहेबासमोर कागद मांडणारे, मोहोर नसलेल्या कागदाला बोटही न लावणारे. दुधात पाणी दिसलं तर गवळ्याची उलटतपासणी घ्यायचात. कुणी 'खबर'मधला ख घशातून काढला नाही, तर भर बैठकीत त्याला दुरुस्त करायचात. औरंगपुऱ्यातून गुलमंडीपर्यंत चालत गेलात तरी ओट्यांवरची माणसं उठून उभी राहायची. मग वजिफा सुरू झाला, पेन्शन घरी येऊ लागली आणि सलाम हळूहळू कमी झाले. लोक नव्या पेशकाराला ओळखू लागले. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. फक्त संध्याकाळी फिरून आलात की काठी कोपऱ्यात जरा जोरानं आपटायचात.

नेमका त्या दिवसांत तो आला.

दुपारची वेळ होती. दारात तांगा थांबला. उतरला त्याचा काय थाट! काळी शेरवानी, डोक्याला दस्तार, कमरेला तो दरबारी पट्टा, बगलूस. दारापासूनच त्यानं असा झुकून आदाब केला, की गादीवरून उठताना तुमचं धोतर पायात अडकलं. मी मधल्या दाराच्या फटीतून सगळं पाहत होते. "आम्हाला रायसाहेब म्हणतात," एवढंच त्यानं सांगितलं. कुठले, कुठल्या खात्याचे, कुणी पाठवलं, काही नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. बगलूस बांधून आलेल्या माणसाला कागद मागणं म्हणजे बेअदबी! एखाद्या कुणब्याला तुम्ही कागदाशिवाय कचेरीची पायरी चढू दिली नसती, मामंजी. ह्याला मात्र टेकायला लोड दिलात.

त्याचं बोलणं तरी किती मधाळ! हैदराबादेत जुन्या इमानदार नोकरांची आठवण निघाली आहे, खुद्द निजाम हुजुरांसमोर त्यांची नावं घेतली जाणार आहेत, प्रत्येकाला खिलत मिळणार आहे, म्हणजे मानाची शाल. आणि इथून नाव निघालंय ते तुमचं. फक्त रिवाजाप्रमाणं नजर पोचली पाहिजे. नजर म्हणजे काय, हे मला तुमच्याच गप्पांमधून ठाऊक होतं. दरबारात उभं राहणाऱ्यानं रेशमी रुमालावर सोन्याची अशर्फी ठेवून ती दोन्ही हातांनी पुढं करायची. तुमच्या वयाला एवढा प्रवास झेपणार नाही, म्हणून ती तो स्वतः घेऊन जाणार होता. केवढी ती काळजी! अशर्फी आपल्या घरात नव्हती. तर सोन्याच्या पुतळ्याही चालतील, असं तो उदारपणे म्हणाला.

मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि पेशकारसाहेब, खिलत हाती येईपर्यंत हे कुणाजवळ काढू नका. लोक जळतात. नाव कटायला वेळ लागत नाही."

इथं माझे कान टवकारले.

वर त्यानं तुम्हाला सलाम शिकवले! हुजुरांपुढं सात वेळा वाकून करायचे ते. पुढंमागं बोलावणं आलंच तर सवय असावी म्हणे. तुमचे ते सुजलेले गुडघे! तुम्ही आपल्याच बैठकीत वाकत होता, हात जमिनीकडं नेऊन कपाळाला लावत होता, आणि तो लोडाला टेकून पान चघळत म्हणत होता, "थोडं आणखी खाली." सोन्याचं मी कधीतरी विसरेन. हे नाही विसरत. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

तुम्ही आत येऊन खांबाला सांगितलंत, "पेटीतली पुतळ्यांची माळ बाहेर द्यायची आहे."

सासूबाईंची माळ! मी रांजणाला म्हटलं, "मान देणारा दौंडी पिटून देतो. हा तोंड बंद ठेवायला का सांगतोय?"

तुम्ही खांबाला उत्तर दिलंत, "बायकांना दरबारातलं काय कळतं!"

रांजण बिचारा काय बोलणार? तुमचं घर, तुमचा हुकूम. माळ रुमालात बांधली गेली आणि तांगा निघून गेला.

त्यानंतरचे तुमचे दिवस आठवले की मला अजून भरून येतं. धोब्याकडून शेरवानी इस्त्री करून आणवलीत. रस्त्यावर तांग्याची घुंगरं वाजली की तुमची मान दाराकडं वळायची. एकदा खांबामार्फत मला विचारलंत, शाल आली की ठेवायची कुठं, देवघरात की फडताळात? आणि दिलेला शब्द असा पाळलात की पोटच्या मुलालाही काही सांगितलं नाहीत. शब्द पाळायला माणूस तरी चांगला शोधायचा होतात!

खरं कळलं ते परसाच्या भिंतीवरून. पलीकडच्या खैरुन्निसा बी कढीपत्ता मागायला आल्या होत्या. त्यांचे मियाँ हिमरू विणायचे, हात फार नाजूक, ते जाऊन कितीतरी वर्षं झाली. कढीपत्ता हातात घेतला तरी बी जाईनात. मग भिंतीवर हनुवटी टेकवून हळूच म्हणाल्या, "भागू, तुझ्या मामंजींकडं तांगा आला होता ना गं, दस्तारवाला? मेरेकू बी मिल्या था वो."

त्यांच्या मियाँनी विणलेला हिमरू कधीकाळी दरबारात गेला होता. त्या कारागिरीची याद निघाली आहे, असं सांगून त्यानं बींचं चांदीचं पानदान नेलं होतं. त्यांच्या निकाहातलं. "किसीकू बोलू नक्को बोल्या," बी म्हणाल्या. "म्हणून मी माझ्या बेट्यालासुद्धा नाही सांगितलं. रोज वाट बघती मी, भागू."

मी तशीच आत आले. माजघर ओलांडलं, मधलं दार ओलांडलं आणि बैठकीत तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले. ना रांजण, ना खांब.

"मामंजी, तुम्हाला फसवलंय."

तुम्ही मान वर करून माझ्याकडं पाहिलंत. आपण एकमेकांकडं तसं सरळ पाहिलं ते बहुधा पहिल्यांदाच. मी बींची सगळी हकीकत सांगितली. तुम्ही तपकिरीची डबी उघडलीत, तशीच मिटलीत. मग इतक्या हळू आवाजात बोललात, की मला पुढं झुकून ऐकावं लागलं.

"सूनबाई, हे कुणाजवळ बोलू नका."

"तोही हेच म्हणाला होता," मी म्हटलं.

कुठून आलं ते बळ, कुणास ठाऊक! पण बोलल्यावर मला कळलं, की मी बरोबर बोलले. त्याचं काम तो करून गेला होता आणि उरलेलं काम आता तुमची लाज करणार होती. तुम्ही गप्प, बी गप्प, आणखी कुठं कुठं कोण कोण म्हातारी माणसं गप्प, आणि त्याचा तांगा खुशाल पुढच्या दारी.

तुम्ही दार आतून लावून घ्यायला सांगितलंत. फिरणं बंद. बैठक बंद. ताट अर्धं परत येऊ लागलं. ज्यानं उभ्या जन्मात लोकांच्या फसवणुकीचे अर्ज साहेबाला वाचून दाखवले, त्यानं आता त्याच लोकांसमोर जाऊन काय सांगायचं, असं तुम्हाला वाटत असणार. मला तुमची फार भीती वाटू लागली, मामंजी. सोनं गेलं म्हणून तुम्ही जाणार नव्हता. पण ह्या लाजेनं जाल, असं मला दिसत होतं. आणि ते मला अजिबात मंजूर नव्हतं!

म्हणून मी आणि बी कोतवालीत गेलो. तुम्हाला न विचारता. बी बुरख्यात, मी डोक्यावरून पदर घेऊन. तिथला सगळा कारभार उर्दूत, मला तर अलिफसुद्धा वाचता येत नाही. दारातला मुन्शी म्हणाला, "बायकांचं इथं काय काम?" बी तिथंच कडाडल्या, "काम नसता तर इत्ते धूप में आते थे क्या?" मुन्शी मुकाट बाजूला झाला. तिथले अंमलदार, अमीनसाहेब, मात्र भले निघाले. आमच्यासाठी बाक आणवलं, बींची तक्रार स्वतः समोर बसून लिहून घेतली. आपल्या घरचं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "जिन्होंने दिया, वही बोलें तो मुकदमा बनेगा. पेशकारसाहब ख़ुद आएँगे?"

"येतील," मी म्हटलं.

काय ठसक्यात म्हटलं! येणार की नाही, हे मला कुठं माहीत होतं?

घरी आले तेव्हा तुम्ही भिंतीकडं तोंड करून निजला होता. मी तुमच्या पाठीला सांगितलं, "मी अमीनसाहेबांना शब्द देऊन आलेय. आता माझी अब्रू तुमच्या हातात." दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी होते तर बाहेर काठीचा आवाज आला. बघते तर तुम्ही शेरवानी घालून उभे! तीच, खिलतीसाठी इस्त्री केलेली. माझ्याकडं पाहून, सरळ माझ्याकडं पाहून म्हणालात, "चला सूनबाई. आणि त्या शेजारच्या बाईंनाही बोलवा."

कोतवालीत तुम्हाला पाहून सगळे उठून उभे राहिले. अमीनसाहेबांनी आतल्या खोलीत चलण्याची विनंती केली, म्हणजे चारचौघांत बोलावं लागू नये. तुम्ही म्हणालात, "इथंच बरं आहे." आणि तिथंच, भरल्या व्हरांड्यात, सगळं सांगितलंत. बगलूस पाहून कागद मागितला नाही, ते सांगितलंत. वाकून केलेले ते सलामही सांगितलेत. "मला लोभ नव्हता, साहेब," तुम्ही म्हणालात. "मला मानाची भूक होती. त्या माणसानं ती बरोबर ओळखली." तुमचा आवाज एकदाही कापला नाही. मीच पदरानं डोळे पुसत होते.

आणि मग ते चिकलठाण्याचे म्हातारबाबा! बैलाच्या कसल्याशा भांडणासाठी आले होते, खांबाला टेकून बसले होते. ते उठले, पागोटं काढून हातात घेतलं. "म्या बी दिलं व्हतं, पेशकारसाहेब. चांदीचं कडं. लाजंनं कुणाला बोललो नाय." तुम्ही सरकून त्यांना बाकावर शेजारी बसवलंत आणि मुन्शीला म्हणालात, "ह्यांचंही लिहून घ्या. मी सांगतो तसं लिहा." पूर्वीचा पेशकारी आवाज! तो ऐकून मला हसू आलं, रडता रडता.

निघताना तुम्ही अमीनसाहेबांना दौंडी पिटवायला सांगितलंत. ते तयार झाले. मग तुम्ही म्हणालात, त्यात माझं नाव घाला.

"नाव कशाला?" ते चपापले. "बदनामी होगी, पेशकारसाहब."

"नाव नसलं तर लोक म्हणतील, फसला असेल कुणीतरी अडाणी," तुम्ही म्हणालात. "पेशकार फसला म्हटलं तर आपल्या दारातल्या माणसाकडं नीट पाहतील."

ज्या नावाला कुणी धक्का लावू नये म्हणून घरात कोंडून घेतलं होतंत, ते नाव तुम्ही हलगीवाल्याच्या हवाली केलंत. मामंजी, त्या क्षणी मला तुमचा जो अभिमान वाटला, तो मी हयातीत तुम्हाला सांगितला नाही. आता सांगते. माझ्या वडिलांचाही मला कधी इतका वाटला नव्हता.

दौंडी शहागंजात झाली, गुलमंडीवर झाली, आणि मग आपल्या गल्लीत आली. तुम्ही ओट्यावर येऊन उभे राहिलात. "ऐका हो ऐका! दरबारची नजर गोळा करायला कुणी घरोघर फिरत नाही! तसा कुणी आला तर त्याला बसवून ठेवा, शेजारीपाजारी बोलवा, कोतवालीत खबर द्या!" पुढं तुमचं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि तुम्ही कसे फसलात ते. मग तेच पुन्हा उर्दूत. खिडक्या उघडल्या, माणसं बाहेर आली. उर्दूतल्या दौंडीत हलगीवाल्यानं 'खबर'मधला ख चुकवला. तुम्ही ओट्यावरून त्याला थांबवून दुरुस्त केलंत! गल्ली हसली, तुम्हीही हसलात. मी दारामागं नव्हते. ओट्यावर, तुमच्या बाजूलाच होते.

आणि बैठक पुन्हा उघडली. आठवतं ना, कशी भरायला लागली ती? कुणी शेंद्र्याहून यायचं, कुणी बेगमपुऱ्यातून. कुणा म्हातारीला दागिने उजळून देतो म्हणून कुणी गंडवलेलं, कुणाला बेपत्ता मुलाचा ठावठिकाणा सांगतो म्हणून. ज्यांनी सुनांना, लेकांना चकार शब्द सांगितला नव्हता, ती माणसं तुमच्यापाशी येऊन रडायची. तुम्ही कुणालाही "एवढं कसं कळलं नाही?" असं विचारलं नाहीत. आधी पाणी द्यायला लावायचात. मग उर्दूत अर्ज लिहायचात, वाचून दाखवायचात आणि काठी टेकत त्यांच्याबरोबर कोतवालीपर्यंत जायचात, कारण त्या दारातून एकट्यानं आत जायला गरीब माणूस भितो. प्रत्येकाला निरोप देताना एकच बोलायचात, जो म्हणेल कुणाला सांगू नका, त्याची गोष्ट त्याच दिवशी घरात सांगा.

एक तक्रार मात्र आहे. त्या थंडीत ताप अंगात असताना तुम्ही बेगमपुऱ्याच्या त्या आजीबरोबर कोतवालीत गेलात. मी नको म्हणत होते, चांगली तोंडावर म्हणत होते. ऐकलंत का? नाही. आठवड्याभरात अंथरूण धरलंत ते धरलंतच. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तुम्ही आता समजूतही घालू शकत नाही. पण तुम्ही गेलात त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आता ऐका, तो कसा पकडला गेला. शिपायानं सांगितलं आणि मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. सोयगावात सांडूआप्पा म्हणून आहेत, तरुणपणी जागीरदाराकडं शिलेदार होते. बाजाराला आलेल्या कुणीतरी औरंगाबादची दौंडी गावी नेली होती, ती त्यांनी ऐकलेली. रायसाहेब त्यांच्या दारी उतरला, तीच शेरवानी, खिलतीची तीच बतावणी. आप्पा म्हणाले, "देतो की नजर! पर राजाची नजर अशी चोरावानी कशी द्यावी? सारा गाव बोलावतो. हलगी लावतो."

हा म्हणतो, नको नको, लोक जळतात.

"जळू द्या की! लई दिसांनी मान आलाय दारी, गावाला दिसू नाय व्हय?"

आणि खरोखर हलगी वाजली. गाव गोळा झाला. कुणीतरी तांग्याचा घोडाच सोडून नेला. बायकांनी रायसाहेबाला ओवाळायला ताटं आणली म्हणे! तो घाम पुसत ओसरीवर बसून राहिला, पोलीस येईपर्यंत. मामंजी, तुम्ही हे ऐकलं असतंत तर तपकीर नाकात जायच्या आधीच शिंकला असतात.

आपल्या पुतळ्या काही मिळणार नाहीत, वितळल्या असतील. बींच्या पानदानाचाही पत्ता नाही. पण खरी गोष्ट पुढं आहे. तो आता कानावर हात ठेवतोय. औरंगाबादेत मी कधी पाऊलच टाकलं नाही, म्हणतो. तुमची तक्रार कागदावर आहे, पण तुम्ही नाही. त्याचा वकील म्हणणार, म्हातारा भ्रमिष्ट होता, माळ कुठं हरवली त्याचं त्याला ठाऊक नव्हतं. अमीनसाहेबांनी निरोपात विचारलंय, त्या दिवशी त्या माणसाला घरात आणखी कुणी पाहिलं होतं का?

मी पाहिलं होतं. दाराच्या फटीतून, चांगलं डोळे भरून. त्याचा चेहरा, त्याचा आवाज, पान चघळताना वाकडा होणारा ओठ. शेकड्यात ओळखीन मी त्याला.

ह्यांना सांगितलं तर आधी म्हणाले, "तू? मुनसफासमोर? भर अदालतीत?" मी तुमच्या गादीकडं बोट दाखवलं. तसे हे उठले, टोपी घातली. "तांग्याचं सांगून येतो," म्हणाले. बीसुद्धा आपली साक्ष द्यायला येणार आहेत. नवा बुरखा शिवायला टाकलाय त्यांनी, काय हौस!

वकिलाला जे विचारायचं ते विचारू दे. मी सांगणार आहे, की माझे सासरे शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण शुद्धीत होते, त्यांनी आपली चूक स्वतः चव्हाट्यावर मांडली, आणि भ्रमिष्ट माणूस हे करत नाही. त्यानं तुम्हाला किती खाली वाकायला लावलं, तेही त्याच्या तोंडावर सांगणार आहे. खाली मान घालून मी बोलणार नाही.

एकच अडचण होती. मुनसफ पहिला प्रश्न विचारणार, "बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या?" सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून मी ते कधी उच्चारलेलं नाही, देवापुढंही नाही. सकाळपासून ह्याच विचारात होते. मग माझं मलाच हसू आलं. तुम्ही ते चौकाचौकांत वाजवायला दिलंत, आणि मी ते एका खोलीत घ्यायला लाजू?

तेव्हा हा माझा शब्द, मामंजी. मी तुमचं नाव घेईन. मोठ्यानं घेईन, दारातल्या चपराशालाही ऐकू जाईल असं घेईन. आणि परत आल्यावर बैठकीचं दार उघडं ठेवीन. उर्दू मला येत नाही, अर्ज लिहायला कुणी पाहीन, पण कोतवालीच्या दारातून आत मी स्वतः नेईन, जो येईल त्याला. आताच सवय करून घेते, कागदावर का होईना.

आपली सून,
भागीरथी,
त्र्यंबक विनायक पेशकार यांच्या घरची